विण्याआधी प्रतिकारशक्तीची सुई मारली तर गाईची दगडी (कासेचा दाह) टळते का?

प्रश्न : वाळपई, सत्तरी
आमच्या चंद्री गाईला गेल्या वेताला विल्यावर चारच दिवसांत मागच्या उजव्या सडाला दगडी झाली. कास तापलेली, दुधात गाठी, हात लावू देईना. सडात औषधाच्या ट्यूबा सोडून बरी झाली, पण तो सड अर्ध्यावर आला. आता महिन्याभरात परत विणार. एकजण सांगतो प्रतिकारशक्तीची सुई मार, दगडी होतच नाही. दुसरा म्हणतो सूज दिसली की डेक्सा मार. पावसात गोठ्याची ओल हटत नाही, मला घोर लागलाय. जाणकारांनी सांगावं.

उत्तर : पशुवैद्य, डिचोली
डेक्सा आत्ता अजिबात नको. शेवटच्या महिन्यांत डेक्सामेथासोन दिलं तर गाभ पडू शकतो, वार अडकते. शिवाय ते सूज उतरवतं ते पांढऱ्या पेशींना दाबून, आणि कासेत जंतूंशी लढतात त्या ह्याच पेशी. दुखणं आणि ताप असेल तर डॉक्टरकडून मेलॉक्सिकॅम घ्या. डायक्लोफेनॅक कुणी दिलं तरी नको, गिधाडं मरतात म्हणून जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे.

सुईचं म्हणाल तर बाटलीवरचं औषधाचं नाव वाचा. या नावाखाली काहीही खपवतात. लेव्हामिसोल हे मुळात जंताचं औषध, त्यावर विसंबू नका. खास ह्यासाठी बनलेलं आहे ते पेगबोविग्रास्टिम. अमेरिकेत २०१६ साली त्याला मान्यता मिळाली. हाडांच्या मगजातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त सुटतात. एक सुई विण्याच्या सात दिवस आधी, दुसरी विल्यावर २४ तासांत. त्यानंही दगडी साधारण पाव हिश्शानंच कमी होते, आणि झालेल्या दगडीवर तो उपाय नव्हेच.

विण्याच्या आगंमागं ह्या पेशी मुळातच मंदावतात. व्हिटॅमिन ई चिकातून निघून जातं, रक्तातलं उतरतं. म्हणून दूध आटलेल्या गाईला दिवसाला साधारण १००० आययू (व्हिटॅमिन मोजायचं एकक) व्हिटॅमिन ई पोटात जायला हवं. हिरव्या चाऱ्यात ते भरपूर, सुक्या गवतात फार थोडं. सेलेनियम खनिज मिश्रणातूनच द्या. वर आणखी सुई नको, जास्त झालं की विष. मला विचाराल तर तुमचा पैसा इथंच लावा.

उत्तर : पेडणे
दादा, धार काढली की लगेच सड आयोडीनमध्ये बुडवा आणि पुढ्यात चारा टाका. अर्धा तास तरी ती उभी राहायला हवी, तोवर सडाचं तोंड उघडं असतं. ओल्या जमिनीवर बसली की घात. मी सीएमटीचं, म्हणजे दगडी ओळखायच्या चाचणीचं पॅडलही ठेवते. चार खणांत चार सडांचं दूध, तेवढंच द्रावण, गोल फिरवायचं. बिघडलेल्या सडाचा खण लिबलिबीत होतो. डोळ्यांना दूध चांगलं दिसतं तेव्हाही कळतं.

प्रश्नकर्ता
ताई, विल्याबरोबर पॅडल लावू? आणि डॉक्टर, दूध आटवताना सडात सोडायची ट्यूब राहिली, आता सोडू का?

उत्तर : पशुवैद्य, डिचोली
आता नको, विणं जवळ आलंय. चिकावर पॅडल फसवतं, चार-पाच दिवस जाऊ द्या. मग तोच सड घट्ट दाखवला तर ट्यूब सोडण्याआधी दूध तपासायला पाठवा. स्टॅफ ऑरियस हा जंतू निघाला तर तो पेशींच्या आत दडून बसतो. मग तिची धार सगळ्यात शेवटी काढा.