मदत हवी आहे: रक्तपंपाच्या सिम्युलेशनमध्ये जेट भलतीकडे वळतोय

एफडीएचा (अमेरिकेची औषध-उपकरण नियामक संस्था) बेंचमार्क सेंट्रिफ्युगल पंप, म्हणजे सिम्युलेशन पडताळण्यासाठीचा नमुना रक्तपंप, ओपनफोम या प्रवाह-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये चालवतोय. ३५०० आरपीएम, ६ लिटर प्रति मिनिट. घनता १०३५ किलो प्रति घनमीटर, व्हिस्कॉसिटी ०.००३५ पास्कल-सेकंद, टर्ब्युलन्ससाठी के-ओमेगा एसएसटी मॉडेल.

एमआरएफवर (रोटर एका जागी गोठवून प्रवाह सोडवण्याची पद्धत) दाब प्रयोगाशी बरा जुळतो, पण डिफ्युझरमधला (पंपाच्या रुंदावत जाणाऱ्या बाहेरच्या नळीतला) जेट एका भिंतीला चिकटतो आणि रोटर थोडा फिरवून पुन्हा सोडवलं की बाजू बदलतो. दोष गोठवलेल्या रोटरचाच वाटतो. म्हणून स्लायडिंग मेश (रोटरसोबत खरोखर फिरणारी जाळी) लावली: १ अंशाला एक टाइमस्टेप, म्हणजे साधारण ०.००००४८ सेकंद. आता एएमआयच्या सीमेवर (फिरती आणि स्थिर जाळी जिथे जोडली जाते तिथे) दाब उड्या मारतोय. दोन्ही बाजूंच्या जाळीतल्या सेलचे आकार जुळत नाहीत, त्यामुळे असेल का? की टाइमस्टेप अर्धा करावा?

सरासरी रोटरच्या किती फेऱ्यांनंतर धरता? हिमोलिसिस (लाल रक्तपेशी फुटणं) मुद्दाम मागे ठेवलंय. त्याच्या पॉवर लॉमध्ये शिअर स्ट्रेसचा (प्रवाहातल्या घासण्याच्या ताणाचा) घातांक २.४१६ धरला तर त्या स्ट्रेसमधली जराशी चूकही भलतीच फुगते.