भुलभुलैयाच्या बागेत गुहावाले : तुमचे अनुभव लिहा

गुहांमध्ये उतरणाऱ्यांपैकी बरेच जण कधीतरी एखाद्या भुलभुलैयाच्या बागेतही शिरलेले असतात. तिथे आपली जमिनीखालची सवय कामी आली की आड आली, ते ऐकायचं आहे. सुरुवात मी करते.

इंग्लंडमधल्या यॉर्कशायर डेल्समध्ये दोन दिवस गुहांत काढले आणि तिसऱ्या दिवशी आम्ही कव्हरडेलमधल्या टपगिल पार्कात ‘फॉरबिडन कॉर्नर’ पाहायला गेलो. ही चार एकरांची बाग कॉलिन आर्मस्ट्राँग यांनी निव्वळ स्वतःच्या हौसेखातर करून घेतली. आराखडा माल्कम टेम्पेस्ट यांचा. लोकांसाठी ती नंतर खुली झाली. दगडी जबड्यातून आत शिरायचं, तर तो जबडा चक्क ढेकर देतो. हातात नकाशा नसतो, काय काय शोधायचं तेवढाच कागद असतो.

गुहेत मी प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून बघते, कारण परतताना तीच जागा अगदी अनोळखी वाटते. इथेही तेच केलं आणि अर्धा तास छान निभावलं. मग जमिनीखालच्या एका गोल खोलीत आलो. चहूकडे दारं, सगळी सारखी. गुहेत दोन तोंडं कधीच सारखी नसतात. एकाच्या उंबऱ्याशी ओला गाळ असतो, दुसरं कोरडं असतं, एखाद्यातून वारा येतो. मी ओला तळहात एकेका दारापुढे धरून पाहिला. वारा सगळीकडून सारखाच. गुहेतली वाट पाण्याने काढलेली असते आणि पाण्याला कुणाला चकवायचं नसतं. इथे मात्र मी कुठे थांबेन, कुठे मान वर करेन, याचा कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता. हे जाणवलं तेव्हा मला भरून आलं. माणसाने माणसासाठी केवढी मेहनत घेतलेली!

*

मस्त विषय. मी इंग्लंडमधल्याच वेस्ट विकमच्या ‘हेलफायर केव्ह्ज’बद्दल लिहितो. नाव गुहेचं असलं तरी खडूच्या डोंगरात हाताने खोदलेलं भुयार आहे ते. तिथले जमीनदार सर फ्रान्सिस डॅशवूड यांनी 1748 ते 1752 या काळात खोदून घेतलं. पिकं बुडाली होती, गावकऱ्यांना काम मिळालं आणि निघालेला खडू रस्त्याला वापरला.

नैसर्गिक गुहेच्या भिंतीवर पाण्याने कोरलेल्या लहान लहान वाट्या असतात. त्यांच्या कलावरून प्रवाहाची दिशा कळते आणि वाट्या जितक्या लहान तितका प्रवाह वेगवान होता असं समजायचं. सवयीने मी तिथेही भिंत चाचपली. बोटांना टिकावाचे घाव लागले. हा घाव ज्याने घातला त्याचं घर त्या मजुरीवर चाललं असेल, या विचाराने मी बराच वेळ तिथून हललोच नाही.

*

केंटमधल्या लीड्स कॅसल या किल्ल्याचा चक्रव्यूह कुणी पाहिला नाही का? 1988चा आहे, ‘यू’ नावाच्या 2,400 सदाहरित झाडांचा. मधोमध पोचलात की बाहेरची वाट जमिनीखालून, शिंपल्यांनी मढवलेल्या गुहेतून. उजेडात हरवायचं आणि अंधारातून सुटायचं! आपल्या लोकांनी जायलाच हवं.

*

थोडा वेगळा अनुभव. टपगिललाच एका बोळात पाण्याचा आवाज अचानक वाढला आणि माझ्या पोटात गोळा आला. चुनखडीच्या गुहेत वर पाऊस झाला की पाणी किती झपाट्याने चढतं ते मी एकदा पाहिलंय. कुणाला काही न सांगता मी उलटा फिरलो. उघड्यावर आल्यावर कळलं, कारंजं होतं. पण पुन्हा तसा आवाज आला तरी मी उलटाच फिरेन. ती सवय मला सोडायची नाही.

*

आम्हाला टपगिललाच एका अंधाऱ्या वळणावर सहा-सात वर्षांची मुलगी भेटली, पाय रोवून उभी. आई मागेच होती, पण तिचंही काही चालेना. मी खाली बसले आणि म्हटलं, डोळे घट्ट मिट, तीस आकडे मोज, मग उघड. आम्ही नवख्यांना गुहेत हेच सांगतो. डोळ्यांना अंधाराची ओळख व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. तिने एकोणतीसवरच डोळे उघडले आणि “ती भिंत दिसतेय!” म्हणून ओरडली. मग भिंतीवर हात ठेवून आमच्या पुढे निघाली.

*

धागाकर्ती : वाचून फार छान वाटलं. टपगिलला जाणार असाल तर तिकीट आधी काढून ठेवा. आणि डोक्यावर हेल्मेट नाही हे आत शिरताना स्वतःला एकदा बजावा. एक बोळ शेवटाकडे फारच बुटका होत जातो.