सिंहपुच्छ वानर संकटात, मग मॉस सर्वत्र कसे?

प्रश्न: तमिळनाडूतील वालपराईत सिंहपुच्छ वानर पाहिले आणि तेथेच फरशीच्या फटीत चंदेरी मॉसही (शेवाळासारखी छोटी वनस्पती) दिसले. एक फक्त सह्याद्रीच्या दक्षिण भागात, तर दुसरे अंटार्क्टिकापर्यंत कसे पोहोचले?

उत्तर १: या मॉसला, म्हणजे ब्रायम अर्जेंटियमला, खरी मुळे नसतात. ते पानांतूनच पाणी शोषते, वाळले तरी पाऊस पडताच पुन्हा हिरवे होते आणि त्याचे तुकडेही बुटाला चिकटून दुसरीकडे रुजतात.

उत्तर २: वानराला हे जमणार नाही. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते आणि कळप फळे, किडे शोधत झाडांच्या शेंड्यांवरूनच फिरतो. त्यामुळे जंगल तुटले की त्यांना रस्त्यावर उतरावे लागते आणि काही वाहनांखाली सापडतात, याचे मला फार वाईट वाटते. वालपराईतील पुदुतोट्टमजवळ झाडांना बांधलेल्या झुलत्या पुलांवरून मात्र ते सुखरूप पलीकडे जातात.