अनुभव लिहा : गाणं शिकवणाऱ्या गवयांबद्दल

मैफिली गाजवणाऱ्यांवर भरपूर लिहून येतं. पण कोल्हापुरात गाणं टिकलं ते शिकवणाऱ्यांमुळे, असं माझं ठाम मत आहे. शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना दरबारात आणलं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुढचं कमी लोक सांगतात: त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँ इथंच राहून तालीम देत राहिले. थोरले भाऊ मंजीखाँ १९३७ साली गेल्यावर मल्लिकार्जुन मन्सूर भुर्जीखाँकडेच शिकले, धोंडूताई कुलकर्णीही शिकल्या. तुमचे सर, बाई, बुवा कसे होते? लिहा मोकळेपणानं. नावं नकोत.

मूळची मंगळवार पेठेतली, सध्या बंगळूर

आमच्या बाईंचा क्लास माडीवर होता आणि खाली पिठाची गिरणी. गिरणी सुरू झाली की आम्ही वैतागायचो. बाई मात्र तानपुरा खाली ठेवून विचारायच्या, "पट्टी कुठली गं हिची?" आम्ही पेटीवर शोधायचो. दळण संपत आलं की सूर किंचित चढायचा, तोही ओळखायला लावायच्या. वही उघडायची परवानगी नव्हतीच. अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, गळ्यात बसली की मग लिहायची. सकाळी आम्हाला नायकी कानडा राग देणाऱ्या बाई संध्याकाळी त्याच सतरंजीवर गल्लीतल्या काकूंना गवळणी शिकवायच्या, आणि स्पर्धेच्या दिवसांत हायस्कूलच्या पोरांना नाट्यपदं. तिन्ही ठिकाणी चूक झाली की भुवई तेवढीच वर जायची.

क्लास घेते, राजारामपुरी

मी दुसऱ्या बाजूची. गांधर्व मंडळाच्या प्रारंभिकपासून विशारदपर्यंतच्या परीक्षांना मुलं बसवते. घर त्या फीवर चालतं, मैफिलीच्या मानधनावर नाही. दिवाळी पहाट, नवरात्रातलं देवीपुढचं गाणं, कुणाच्या लग्नात मंगलाष्टका, सगळं गाते. एका संयोजकांनी तोंडावर सांगितलं होतं, "ताई, तुम्ही सुगम गाता, ख्यालाला लोक कसे येतील?" गप्प बसले, काय करणार.

खरी अडचण आवाजाची. लहान मुली पेटीच्या काळी पाच पट्टीत गातात, वयात आलेले मुलगे थेट काळी एकला उतरतात. दोघांना गाऊन दाखवता दाखवता रात्री स्वतःसाठी गळा उरत नाही. म्हणून खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, पहाटेच, दूधवाला यायच्या आत. अल्लादियाखाँसाहेबांचाही आवाज आमलेट्याच्या दरबारात अति गाऊन बसला होता, आणि नंतर त्या बदललेल्या आवाजाला झेपेल अशी गायकी त्यांनी घडवली. गळा बसला की मला हे हमखास आठवतं.

तबल्यावर असतो

लई जणांच्या क्लासात वाजवलंय. चांगला शिकवणारा ओळखायचा कसा? तो स्वतः टाळी देत नाही, पोराला द्यायला लावतो. पोरगं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, चुकलं की माझ्याकडं बघतं, मी छताकडं बघतो.

जुना श्रोता, शिवाजी पेठ

रागावू नका, पण सगळं गाणारा कशातच मुरत नाही. खाँसाहेबांच्या जयपूर घराण्याचे जोडराग, दोन राग एकत्र गुंफलेले, काय गवळणीच्या मधल्या वेळात बसवायचे असतात? इथल्या देवल क्लबात, गाण्याच्या जुन्या संस्थेत, ऐकलेली माणसं एका रागावर तासभर बसायची.

राजारामपुरीवाली पुन्हा

काका, मग गोविंदराव टेंब्यांचं काय करायचं? पेटी त्यांची, 'मानापमान'च्या चाली त्यांच्या, आणि १९३२ साली प्रभातनं इथं काढलेल्या 'अयोध्येचा राजा'त राजाही तेच, संगीतही त्यांचंच. ते कशात मुरले नव्हते म्हणता? आणि तासभर बसायला मला कुणी बोलावलं तर मी बसेन की.

जुना श्रोता

टेंब्यांचं नाव काढलंत, गप्प बसतो. आजच्यापुरता.

एका मुलाचा बाप, जयसिंगपूर

आमचा मुलगा मोबाइलवर शिकतो. आवाज मागंपुढं होतो, त्यामुळं गुरूबरोबर एकत्र गाता येत नाही. ते गातात, हा ऐकतो, मग हा गातो, ते ऐकतात. पलटे सुधारलेत, पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता जाणं, पोचत नाही असं सरच म्हणतात. समोर बसवून शिकवणारं कुणी हवंय. रविवारी सकाळची एसटी मिळते. ख्याल शिकवणारं, पण मुलाच्या अभंगाला नाक न मुरडणारं कुणी असेल तर इथंच सांगा.