रोमान्स सांगून गोड बोलतो, थ्रिलर न सांगता खोटं बोलतं

गंगाखेडची

सरळ भांडणाचंच काढते. या उन्हाळ्यात कूलरपुढे बसून हाती येईल ते वाचलं. सध्या ज्यांची चलती आहे ते थ्रिलर आणि रोमान्स, बहुतेक इंग्रजीतले, निम्मे भाचीच्या मोबाइलवर. सगळं वाचून झाल्यावर मत असं झालंय की दोघांत रोमान्स प्रामाणिक, आणि थ्रिलरला आपण उगाच डोक्यावर बसवलंय. माझ्या हातात खुनाचं पुस्तक दिसलं की घरात कुणी काही बोलत नाही. प्रेमाचं दिसलं की लगेच, "या वयात हे काय?"

'द सायलेंट पेशंट' (२०१९) घ्या. चित्रकार बाई नवऱ्यावर पाच गोळ्या झाडते आणि त्यानंतर तोंडातून शब्द काढत नाही. सुरुवात अशी की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कळू नये. पण शेवटचा धक्का कशावर उभा आहे? वेगवेगळ्या काळातल्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवायच्या आणि त्या एकाच वेळी चालल्यात असं वाचणाऱ्याला वाटू द्यायचं, यावर. 'द हाउसमेड' (२०२२) मध्येही तेच. तुरुंगातून सुटलेली मुलगी बड्या घरी कामाला लागते, तिला माळ्यावरची खोली मिळते, आणि त्या खोलीला कडी बाहेरून. अर्ध्यावर निवेदन दुसऱ्याच बाईच्या हाती जातं आणि सगळं उलटं होतं. वाचताना मजा आली, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्यांदा उघडलं तर आत माणसंच नाहीत. जो तो फक्त मला चकवायला बोलतोय.

रोमान्समध्ये लपवायला काही नसतंच. अमेरिकेतल्या रोमान्स लेखकांच्या संघटनेची व्याख्या आहे की गोष्टीच्या मध्यभागी प्रेम हवं आणि शेवट समाधान देणारा, आशेचा हवा. म्हणजे शेवट पहिल्या पानावरच ठरलेला. मग लेखिकेला राबावं लागतं ते मधल्या वाटेवर. कोण आधी बोलणार, कोण कशाला घाबरतंय, साध्या चहाच्या निरोपात काय दडलंय. मिल्स अँड बून ही प्रकाशन संस्था १९०८ मध्ये निघाली आणि १९३० च्या दशकापासून मुख्यतः हेच ठाऊक असलेले शेवट विकतेय. इतक्या पिढ्यांच्या बायका काही मूर्ख नव्हत्या.

दोन्ही एकत्र पाहायचं असेल तर कॉलीन हूवरची 'व्हेरिटी' (२०१८). अंथरुणाला खिळलेल्या प्रसिद्ध लेखिकेची मालिका पुरी करायला दुसरी लेखिका तिच्या घरी येते, तिला एक भयानक हस्तलिखित सापडतं, आणि त्या घरातल्या नवऱ्यावर तिचं मनही बसतं. शेवटाकडे एक पत्र येतं. हस्तलिखित खरं की पत्र खरं, हे हूवर सांगतच नाही. लोक म्हणतात वा, काय कमाल. मी म्हणते, ठरवायची जबाबदारी टाळली.

बोला आता.

लातूर_हॉस्टेल

ताई, 'सायलेंट पेशंट'चा शेवट फोडलात ना! चाळीस टक्के झालं होतं माझं.

गंगाखेडची

काय होतं ते कुठं सांगितलं? कसं केलंय तेवढंच सांगितलं.

लातूर_हॉस्टेल

तेच तर फोडणं असतं.

जुना गडी, जालना

बाईसाहेब, तुमचा राग वाईट थ्रिलरवर आहे आणि शिक्षा सगळ्या जातीला देताय.

माझे वडील निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले. त्यांच्या ट्रंकेत इब्ने सफींच्या 'जासूसी दुनिया'चे अंक होते, १९५२ पासून निघायची ती मालिका. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीदची नावं आमच्या घरात पाहुण्यांसारखी घेतली जायची. मला लिपी येत नव्हती म्हणून मी बाबुराव अर्नाळकरांकडे वळलो, त्यांचे नायक झुंजार आणि काळापहाड. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसाने. त्यांत घाईने उरकलेल्याही असतील, पण वाचकाला कुणी मूर्ख समजत नव्हतं.

फसवणुकीचं म्हणाल तर त्याचेही नियम ठरलेले आहेत. रोनाल्ड नॉक्स नावाच्या इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यात आहे की डिटेक्टिव्हला जो धागा सापडला तो वाचकालाही दाखवलाच पाहिजे. अगाथा क्रिस्तीबाईंची रॉजर अ‍ॅक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ ची. तेव्हाही फसवलं म्हणून ओरड झाली होती. पण ती दुसऱ्यांदा वाचा. खुनी कोण हे ठाऊक असताना प्रत्येक वाक्य वेगळं ऐकू येतं, आणि एकही वाक्य खोटं नसतं. पहिल्यापेक्षा दुसरं वाचन सरस ठरतं. हे तुमच्या कुठल्या रोमान्सला जमलंय ते सांगा.

गंगाखेडची

अ‍ॅक्रॉइड मान्य. पण तुम्ही शंभर वर्षांपूर्वीचं पुस्तक काढून आजच्या मालाची वकिली करताय. मी आज जे खपतंय त्याबद्दल बोलतेय.

रात्रपाळी

मी नांदेडला नर्स आहे. मला धागाकर्तीचं अजिबात पटलं नाही, पण कारण वेगळं.

रोमान्स प्रामाणिक? त्यातला नायक बघा हो. ती 'नको' म्हणते तरी दारात उभा राहणार, तिचा फोन बघणार, दुसऱ्या पुरुषाशी बोलली की भिंतीवर मूठ मारणार. आणि हे सगळं 'जीव किती लावतो' या नावाखाली. कॅज्युअल्टीत रात्री अकराला बाई येते, बाथरूममध्ये घसरले म्हणते, आणि बोटांचे ठसे दंडावर असतात. नवरा बाहेर बाकावर बसलेला असतो, डोळ्यांत पाणी घेऊन. त्याचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण असल्या प्रेमाला गुलाबी कव्हर घालून विकू नका.

तुमच्या त्याच हूवरबाईंचं 'इट एंड्स विथ अस' (२०१६) मी वाचलंय. फुलांचं दुकान चालवणारी मुलगी, न्यूरोसर्जन नवरा, आणि मारहाण. लेखिकेने आपल्या आईच्या आयुष्यावरून घेतलंय. पुस्तकाबद्दल मला आदर आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये त्याच गोष्टीचं रंग भरायचं पुस्तक काढायची घोषणा झाली! मारहाणीच्या गोष्टीत रंग भरा. लोकांनी झोडपलं तेव्हा ते मागे घेतलं. रोमान्सचा बाजार कसा चालतो ते एवढ्यावरून कळतं.

गंगाखेडची

तुमचं बोलणं मनाला लागलं. तरी माझा मुद्दा सोडत नाही. त्या पुस्तकात मुलगी शेवटी नवऱ्याला सोडते, आणि का सोडते ते त्याच्यावर माया असतानाच सांगते. हे थ्रिलरने केलं असतं तर नवरा शेवटच्या वीस पानांत राक्षस निघाला असता आणि वाचणारी निवांत झोपली असती, आपला नवरा काही राक्षस नाही म्हणून. बाकावर डोळ्यांत पाणी घेऊन बसलेला माणूस थ्रिलरला परवडत नाही. तो रोमान्समध्येच भेटतो.

रात्रपाळी

चांगल्या रोमान्समध्ये. असे किती आहेत? भाचीच्या मोबाइलमधले बाकीचे उघडा आणि मोजा.

मोंढा रोड

मला तं एक कळंना, तुमी समदे बोस्टन आन् लंडनवर कामून भांडायलेत? आपल्याकडं रोमान्स लिहून दाखवा ना. पोरगी एका जातीची, पोरगं दुसऱ्या. तिसऱ्या पानावर भावकी जमा, चौथ्यावर मोबाइल काढून घेतला, पाचव्यावर मामाच्या गावाला रवानगी. 'आशेचा शेवट' कुठून आणता? अन् थ्रिलरचं म्हणाल तर खून कोणी केला हे गावाला सकाळच्या चहालाच ठाऊक असतंय. डिटेक्टिव्ह येऊन काय उपटणार? आपल्याकडं सवाल एवढाच, बोलणार कोण.

लातूर_हॉस्टेल

हे भारी होतं.

माझं म्हणणं साधं आहे. आम्ही इथं नीटच्या तयारीला. रूमवर अवांतर पुस्तक सापडलं तर घरी फोन जातो. थ्रिलरचं प्रकरण तीन पानांचं असतं, बायोलॉजीच्या दोन टॉपिकच्या मधे बसतं. रोमान्स वाचला की दिवसभर डोक्यात फिरतो, अभ्यास होत नाही. म्हणून थ्रिलर. प्रामाणिक-बिमाणिक काही नाही.

वाचनालय, ब वर्ग

आमच्या देवघेवीच्या टेबलावरून थोडं. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर यांच्या कादंबऱ्यांची बांधणी मी पुन्हा पुन्हा करून घेतो, इतक्या त्या फिरतात. सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' १९८२ ची, पण २०१३ मध्ये सिनेमा आला आणि पोरं नव्याने मागायला लागली. आमच्याकडच्या प्रती गेल्या त्या गेल्याच. भयकथावाले नारायण धारप रात्री वाचू नका असं सांगितलं की हमखास नेले जातात.

पण खरी गंमत पुरुषांची. प्रेमाची कादंबरी नेताना न विचारताच सांगतात, "घरच्यांसाठी नेतोय." परत आणतात तेव्हा पानांत बसची तिकिटं असतात, रोजच्या अप-डाउनची. घरचे तर अप-डाउन करत नाहीत. एकजण सलग सगळ्या नेऊन मला म्हणाला, "आमच्या हिला वाचनाचा फार नाद." त्याच्या घरच्या बाईसाहेब स्वतः सभासद आहेत, त्या रहस्यकथा नेतात.

कोर्टकचेरी

मोंढा रोड यांनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. वकिलीच्या अनुभवावरून दोन-तीन गोष्टी.

शेवटी खुनी पोलिसांसमोर सगळं ओकतो आणि गोष्ट संपते, असले थ्रिलर मला वाचवत नाहीत. पोलिसांना दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्यात कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम २३. आमची खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. पंच फितूर, शेजारी फितूर, ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो "मी त्या दिवशी ऊसतोडीला होतो" म्हणतो. कधी भीतीने, कधी पैशाने, कधी नुसतं त्याच गावात राहायचं आहे म्हणून. हे लिहिणारा कुणी भेटला नाही.

रोमान्सलाही कोर्ट नवं नाही. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये सोडलं. मराठी प्रेमकथेसाठी माणूस दिल्लीपर्यंत लढला, आणि आपण इथं 'या वयात हे काय' ऐकून पुस्तक उशीखाली लपवतो.

आता मोंढा रोड यांच्या सवालाचं. विशेष विवाह कायदा, १९५४. दोघांना त्याखाली लग्न करायचं असेल तर विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. ती कार्यालयात ठळक जागी लावतात. तीस दिवस. मुलीचं कायमचं गाव दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर एक प्रत तिकडच्या कार्यालयातही लागते. वय, आधीचं लग्न असल्या मोजक्या कारणांवरच आक्षेप घेता येतो. जात किंवा बापाची नापसंती हे कारण नाही. पण हे फलक वाचणाऱ्याला कुठं माहीत? त्याने नाव वाचलं, फोन लावला, बस. ते तीस दिवस दोघं कुठं राहतात, कोण भाड्याने खोली देतं, कोण ऐनवेळी उलटतं, हे मी जवळून पाहिलंय. यातला रोमान्स कुठला आणि थ्रिलर कुठलं ते तुम्हीच वेगळं काढून दाखवा.

जुना गडी, जालना

वकीलसाहेब, गोष्ट जबरदस्त आहे. पण यात रहस्य नाही. कोण काय करणार हे वाचकाला आधीच कळतं.

मोंढा रोड

आधीच कळतंय कसं? फलक कोणी वाचला अन् फोन कोणी लावला हे कळतंय का? कार्यालयातला शिपाई, दारातला मुद्रांकवाला, का पोरीचाच मैतर? घ्या, तुमचं रहस्य.

जुना गडी, जालना

हां. मग मात्र धागे पानोपानी दाखवावे लागतील. शेवटच्या पानावर एकदम मुद्रांकवाला आणलात तर मी पैसे परत मागेन.

गंगाखेडची

वकीलसाहेब, तुम्हीच लिहा ना.

कोर्टकचेरी

मी लिहिलं तर पक्षकार ओळखू येतील. नाव बदललं तरी गाव ओळखतं. आणि गाव बदलून पुण्याला नेलं तर गोष्टीत दम राहत नाही. तिथे तो फलक वाचायला कुणाला वेळ आहे?

रात्रपाळी

लिहिणाऱ्याने एवढं करावं, त्यातला मुलगा भिंतीवर मूठ मारणारा नको. खोलीचं भाडं वेळेवर भरणारा चालेल.

लातूर_हॉस्टेल

तीस दिवस, तीस प्रकरणं, प्रत्येक तीन पानांचं. मी वाचणार. फक्त तिसाव्या दिवशी काय होतं ते इथं कुणी फोडू नका.

गंगाखेडची

मला मात्र आधी सांगा. दोघं सहीपर्यंत पोचत नसतील तर मी घेणार नाही.