तुमच्या गेमच्या कॅसेटची गोष्ट सांगा

मंडळी, लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली. गेल्या महिन्यात माळा रिकामा करताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राखाडी गेमबॉय सापडला, निन्टेन्डोचं हातात धरून खेळायचं यंत्र. बाबा बोटीवर होते, १९९२ साली सिंगापूरहून त्यांनी तो आणला होता. सोबत टेट्रिसची कॅसेट आणि दादाची पोकेमॉन रेड, ती नंतर मामाने दुबईहून आणलेली. (कार्ट्रिज हा शब्द मी फार उशिरा ऐकला. आमच्याकडे सगळे कॅसेटच म्हणायचे.)

चार पेन्सिल सेल घातले आणि गेमबॉय चक्क सुरू झाला. दादाची कॅसेट लावली, तर पडद्यावर फक्त ‘न्यू गेम’. ‘कंटिन्यू’ नाहीच. दोन वर्षं शाळेतून आल्यावर रोज खेळून त्याने जमवलेलं सगळं पुसलं गेलं होतं. तो आता पुण्यात असतो. त्याला सांगायचा धीर अजून झालेला नाही.

तुमच्याकडे अशी एखादी कॅसेट असेल तर तिच्याबद्दल सविस्तर लिहा. कुठून आली, कोणी खेळली, आता चालते का?

गिरगाव

कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची, हे आमच्या वाडीतलं शास्त्र. गेमबॉय सुरू झाला की निन्टेन्डोचं नाव वरून सरकत खाली यायचं. पिना मळल्या असल्या की नावाच्या जागी काळा पट्टा यायचा आणि खेळ तिथेच अडायचा. पुढे कळलं की यंत्र ते नाव कॅसेटमधूनच वाचतं आणि स्वतःजवळच्या नावाशी ताडून बघतं. जुळलं नाही तर पुढे जात नाही. त्या काळ्या पट्ट्याची मला खरोखर भीती वाटायची.

फुंकर मात्र मारू नका. तोंडातली वाफ पिनांवर बसते आणि आपली हवा आधीच दमट नि खारी. माझ्या दोन कॅसेटींच्या पिनांवर हिरवट थर चढला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड भिजवून हलक्या हाताने पुसलं, बोळा तीनदा काळा झाला, चौथ्यांदा स्वच्छ निघाला. पूर्ण वाळवून लावली आणि नाव सरळ खाली आलं.

माहीम

माझी कॅसेट नकली निघाली. २००६ साली स्टेशनबाहेरच्या एका गाळ्यावर अडीचशे रुपयांना पोकेमॉन एमराल्ड घेतली, खाऊच्या पैशातून. सेव्ह झालं असं पडद्यावर यायचं, पण बंद करून लावली की पुन्हा पहिल्यापासून. मग मी एसपी, म्हणजे माझा घडीचा गेमबॉय, बंदच करायचा नाही असं ठरवलं. चार्जरला लावून, मिटून उशीखाली ठेवायचो. तीन दिवस टिकलं. चौथ्या दिवशी आजीला बारीक दिवा लुकलुकताना दिसला, तिने वीज वाया जाते म्हणून बटण सरकवलं. मी रडलो ते पाहून तीही रडली. पूर्ण गेम मी नोकरी लागल्यावर खेळलो, अस्सल कॅसेट घेऊन.

लॅमिंग्टन रोड

मी इथे दुरुस्तीच्या गाळ्यावर बरीच वर्षं काम केलं आहे. दादाच्या कॅसेटचं काय झालं ते सांगतो. त्या काळच्या बऱ्याच कॅसेटींत नाण्यासारखा तीन व्होल्टचा सेल असतो. गेम स्वतः चिपमध्ये पक्का असतो, तो जात नाही. तुमची प्रगती मात्र दुसऱ्या चिपमध्ये असते आणि त्या चिपला सतत वीज लागते. सेल संपला की सगळं पुसलं जातं. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये घड्याळही त्याच सेलवर चालतं, म्हणून तो लवकर बसतो.

ज्यांच्या कॅसेटी अजून चालतात त्यांना हात जोडून विनंती: आजच्या आज लावून बघा. सेव्ह असेल तर आधी कॅसेट रीडरने त्याची प्रत कॉम्प्युटरवर काढून घ्या, मगच सेल बदला, कारण सेल काढला की प्रगती जाते. नवा सेल पत्र्याचे कान लावलेलाच घ्या. साध्या सेलवर थेट सोल्डरिंग केलं तर तो तापून फुटू शकतो. चिकटपट्टीने बसवलेला सेल पहिल्या धक्क्याला सुटतो. दादाची कॅसेट टाकू नका, सेल बदलला की ती पुन्हा सेव्ह करू लागेल.

कलिना

२६ जुलै २००५. तळमजल्यावर छातीएवढं पाणी. रात्र वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे काढली. पाणी उतरल्यावर चिखलात गेमबॉय ॲडव्हान्स मिळाला, तो कायमचा गेला. पोकेमॉन रुबीची कॅसेट बाबांनी स्वच्छ पाण्याने धुतली आणि आठवडाभर पंख्याखाली ठेवली. मित्राच्या यंत्रात लावली तर माझा खेळ जसाच्या तसा! रुबीत प्रगती फ्लॅश चिपमध्ये राहते, सेल फक्त घड्याळासाठी असतो. आता सुरू करताना सेल संपल्याची सूचना येते, घड्याळावर चालणारं काही घडत नाही, बाकी सगळं आहे. घरातले फोटो गेले. ही राहिली.

मुलुंड

लॅमिंग्टन रोडच्या दादांचं वाचून काल रात्री माझी पोकेमॉन ब्लू लावली. ‘कंटिन्यू’ आहे!

तिच्यात माझ्या शेजाऱ्याचा अलाकझाम नावाचा पोकेमॉन आहे. कडाब्रा केबलने दुसऱ्याला दिल्याशिवाय त्याचा अलाकझाम होत नाही, म्हणून जिन्यात बसून त्याने तो मला दिला. मी लगेच परत द्यायचा होता. तेवढ्यात माझे सेल संपले, लाल दिवा मंद होत विझला. उद्या देतो म्हणालो. वार्षिक परीक्षा लागली आणि सुट्टीत त्याच्या वडिलांची नागपूरला बदली झाली. अजून त्या पोकेमॉनखाली मूळ मालक म्हणून त्याचं नाव दिसतं, सात अक्षरांत बसावं म्हणून कापलेलं. शनिवारी प्रत काढायला जातोय. तो कुठे असतो याचा शोधही सुरू केलाय.

बोरिवली

लेकीने निन्टेन्डो स्विचची कॅसेट तोंडात घातली आणि भयंकर चेहरा केला. लहान मुलांनी गिळू नये म्हणून तिच्यावर कडू द्रव्य लावलेलं असतं. मीही जीभ लावून पाहिली. पाणी पिऊनही चव जात नाही.

लालबाग, पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल दादाला फोन केला. तो म्हणाला, सेल बदल, मी गणपतीत येतोय, पहिल्यापासून खेळू.

टेट्रिसचं सांगायचं राहिलं. तिच्यात सेलच नाही, बंद केलं की गुण जातात. लाखावर गुण झाले की खेळ संपल्यावर पडद्यावर रॉकेट उडतं. बाबा बोटीवर असताना दुपारी आई खेळायची. डब्याच्या तळाशी कॅलेंडरचं एक घडी घातलेलं पान होतं, १९९३ चा मार्च. प्रत्येक चौकटीत दुधाचा हिशेब आणि त्याखाली पेन्सिलीने एकेक आकडा. मला वाटलं, वाण्याची उधारी असेल. १९ तारखेला लिहिलंय: दूध १ लिटर, १,०४,३१२, रॉकेट उडालं.