ऑफिस सुटल्यावर फोन न उचलण्याचा हक्क कायद्यात यावा का?

मुळशीकर:
सुप्रिया सुळेंनी राइट टू डिस्कनेक्टचं बिल डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत परत मांडलं, आधीही आणलं होतं. कामाची वेळ संपल्यावर फोन नाही उचलला, मेलला उत्तर नाही दिलं तरी कंपनीला कारवाई करता येऊ नये, असं त्यात आहे. मला वाटतं हे हवंच. आमच्याकडे रात्री साडेदहाचा कॉल चुकवला तर तोंडावर कोणी काही बोलत नाही, पण अप्रेझलला 'ओनरशिप कमी', म्हणजे जबाबदारी घेत नाही, असा शेरा येतो आणि रेटिंग घसरतं. भांडायचं कोणाशी?

निशाचर:
नाही पटलं. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. क्लायंट तेव्हा कामाला बसतो, त्याच्याशी बोलायचं कधी मग? आणि मी सपोर्टमधून टीमचा लीड झालो तो रात्री क्लायंटची चालू सिस्टिम (प्रॉडक्शन) बंद पडली की लॅपटॉप उघडायचो म्हणून, कॉलेज कुठलं ते कोणी विचारलं नाही. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या पोराला स्वतःला सिद्ध करायला हीच एक जागा असते, ती पण काढून घेणार का?

कऱ्हाडची_लेक:
निशाचर, तुमच्या मेहनतीबद्दल आदर आहे, पण रात्री लॅपटॉप उघडून बसता कोणाला येतं ते पण बघा ना. ज्याच्या घरी स्वयंपाक, पोरांचं जेवण, म्हाताऱ्यांची औषधं दुसरं कोणीतरी बघतंय त्याला. माझी मुलगी लहान आहे, तिची जेवायची झोपायची वेळ आणि निर्णय होतात ती मीटिंग एकाच वेळी, मग सकाळी मी नुसते मिनिट्स (मीटिंगची लेखी नोंद) वाचते आणि प्रमोशनच्या वेळी ऐकते की तू डिस्कशनमध्ये दिसत नाहीस. मेहनत कमी नाही हो माझी, फक्त ती दिवसा होते.

शिवाय तब्येत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये सांगितलं की आठवड्याला 35-40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 किंवा जास्त तास करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका अंदाजे 35 टक्के जास्त.

निशाचर:
55 तास वाईट, मान्य. पण उशिरा आलात तर उशिरापर्यंत थांबा, याने एकूण तास वाढत नाहीत. आणि हे खाजगी विधेयक आहे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, असं विधेयक पास होऊन कायदा झाल्याला 1970 नंतर एकही उदाहरण नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

साधा_माणूस:
उशिरा येऊ कोण देतं? सकाळी साडेनऊची रोजची छोटी मीटिंग (स्टँडअप) चुकली तर चालते का तुमच्याकडे? आमच्याकडे तरी दोन्ही टोकं सांभाळावी लागतात, मधे हिंजवडीचं ट्रॅफिक वेगळंच.
फ्रान्सचं बघा, 2017 पासून तिथे 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी याबद्दल वाटाघाट करावी लागते. म्हणजे सरसकट फोनबंदी नाही. आपल्याकडे ऑनकॉलचं रोस्टर, म्हणजे कोणत्या रात्री कोणी फोन उचलायचा ते वेळापत्रक, लेखी लावा, त्या रात्रीचा भत्ता द्या, दुसऱ्या दिवशी कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) द्या, मग ज्याला पुढे जायचंय तो नाव देईल.

निशाचर:
रोस्टर आणि भत्ता असेल तर माझा विरोध नाही. पण रात्री नाव देणाऱ्याला प्रमोशन आधी मिळालं तर ती तक्रार करू नका.

कऱ्हाडची_लेक:
करणार. रात्रीच्या कामाचा भत्ता मिळाला की हिशोब मिटला, प्रमोशन दिवसाच्या कामावर पण ठरलं पाहिजे.